आधी भिंत सोडा

मागचं धूसर आणि माणूस लख्ख असा फोटो हवा असेल, तर आधी पाय हलवा. पाकिटाला हात नंतर घाला. पूर्व लंडनच्या इल्फर्डमधल्या मराठी घरांत गणपतीला, दिवाळीला, बारशाला कॅमेरा बाहेर निघाला की मला हमखास विचारतात, ‘ताई, तुमच्या फोटोत मागचं कसं विरघळून जातं, आमच्या कॅमेऱ्यात ते होत का नाही?’ आणि त्याच श्वासात दुसरा प्रश्न येतो, ‘कुठली लेन्स घेऊ?’ हा दुसरा प्रश्न इतक्या लवकर विचारू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. लेन्स घेताना मला झालेला मनस्ताप आणि आमच्या घरच्या एका बारशात गमावलेले फोटो, दोन्ही यात सांगणार आहे. त्याआधी भिंतीचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

इथली जुनी घरं एकमेकांना चिकटून उभी. पुढची खोली चार मीटरच्या आसपास, रस्त्याकडे पुढे आलेली बे विंडो, एका भिंतीत जुन्या शेकोटीचा फुगवटा. मखर त्या फुगवट्यासमोर, सोफे उरलेल्या भिंतींना टेकून. फोटो काढायचा म्हटलं की आपण सांगतो, ‘जरा तिकडे भिंतीशी उभे राहा.’ साडीच्या निऱ्या नीट करून, हसून, माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. मग भिंतीवरचा स्विच, कॅलेंडर, रेडिएटरची नळी, सगळं चेहऱ्याइतकंच ठळक येतं. दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

लेन्समधून प्रकाश ज्या भोकातून आत येतो, त्याचा व्यास काढणं अगदी सोपं आहे. लेन्सचे मिलिमीटर भागिले एफचा आकडा. अनेक कॅमेऱ्यांसोबत जी १८-५५ ची लेन्स मिळते, ती सहसा १८ वर एफ ३.५ पर्यंत उघडते, म्हणजे भोक ५ मिलिमीटरचं. ५५ वर ती एफ ५.६ पर्यंतच उघडते, तरी भोक जवळजवळ १० मिलिमीटरचं होतं. इथे फार जण फसतात. ‘एफचा आकडा लहान तितकं मागचं धूसर’ हे कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून ते झूम न करता १८ वरच राहतात आणि एफ ३.५ मिळाल्याचं समाधान मानतात. खरं तर ५५ च्या टोकाला, एफ ५.६ वर, भोक दुप्पट मोठं आहे.

हे भोक मिलिमीटरमध्ये मोजायचं कारण आहे. खूप दूरचा एक दिवा घ्या. त्याचा प्रकाश समांतर येतो आणि लेन्सच्या त्या भोकात पूर्ण भरून शिरतो. म्हणजे वाटेत तुमचा माणूस जिथे उभा आहे, तिथेही तो प्रकाशाचा झोत भोकाइतकाच रुंद असतो. त्यामुळे फोटोत तो दिवा ठिपका म्हणून येत नाही. माणसाच्या मापाने बघितलं तर तो भोकाच्या व्यासाएवढी चकती होऊन पसरतो. ५५ वर ती चकती एक सेंटिमीटरची, म्हणजे कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढी. ज्या लेन्सची सगळे शिफारस करतात त्या ५० मिलिमीटर, एफ १.८ वर ती २८ मिलिमीटरची, म्हणजे इथल्या दोन पौंडांच्या नाण्याएवढी. चकती जितकी मोठी तितकं मागचं विरघळतं.

पण हे झालं क्षितिजावरच्या दिव्याचं. जवळच्या भिंतीला ही पूर्ण चकती कधीच मिळत नाही. माणसापासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर, हा जो अपूर्णांक येतो तेवढाच हिस्सा पदरात पडतो. मुलगा तुमच्यापासून दोन मीटरवर आहे आणि भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर. अपूर्णांक झाला अर्धा भागिले अडीच, म्हणजे एक पंचमांश. एफ १.८ ची नवी लेन्स लावली तरी २८ मिलिमीटरमधले साडेपाचच हाती येतात. आता तीच जुनी १८-५५ लावा, ५५ वर न्या, मुलाला भिंतीपासून चार मीटर पुढे आणा आणि तुम्ही त्याच्यापासून दोन मीटरवरच राहा. अपूर्णांक चार भागिले सहा, दहा मिलिमीटरमधले साडेसहा मिळाले. पैसे न घालता चार पावलं टाकलेल्या लेन्सने, भिंतीला चिकटलेल्या नव्या लेन्सवर मात केली. मला कुणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हा हिशोब सांगेन.

आता चार मीटरच्या खोलीत चार मीटर आणायचे कुठून? इल्फर्डमध्ये बऱ्याच घरांत मधली भिंत पाडून पुढची आणि मागची खोली एक केलेली असते, ज्याला इथे थ्रू लाउंज म्हणतात. ती लांबी आपल्या कामाची. तुम्ही बे विंडोला पाठ करून उभे राहा. माणसाला तुमच्यासमोर दीड-दोन मीटरवर, खिडकीकडे तोंड करून बसवा. त्याच्या पाठीमागे सगळी खोली बागेपर्यंत पसरलेली राहील. चेहऱ्यावर खिडकीचा मऊ उजेड आणि मागे अंधारत जाणारी खोली, हे दोन्ही फुकट मिळतं. थ्रू लाउंज नसेल तर खोलीच्या कर्णावर उभे राहा, नाहीतर मधलं दार उघडून त्याच्या चौकटीपुढे माणसाला बसवा, म्हणजे मागे पॅसेज येईल. मखरासमोर फोटो हवाच असेल, तर मखराला धूसर करू नका. बाप्पा ओळखू आले पाहिजेत. तिथे माणूस आणि मूर्ती दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून एफ ८ ठेवा.

कॅमेऱ्यात करायचं ते थोडकं आहे. वरची मोडची डायल फिरवून ‘ए’ वर आणा. कॅननवर तिथे ‘एव्ही’ लिहिलेलं असतं. हिरव्या ऑटोवर कॅमेरा स्वतःच्या मनाने भोक ठरवतो आणि खोलीत अंधार वाटला की फ्लॅश उडवतो. त्या उजेडात मागची भिंतही पुढे येते. ‘ए’ वर आल्यावर एफचा आकडा असेल तितका लहान करा, झूम टोकाला न्या आणि मग चेहरा हवा तितका मोठा दिसेपर्यंत स्वतः जवळ जा किंवा मागे सरा. घरात आयएसओ ८०० किंवा १६०० करायला घाबरू नका. थोडे दाणे आलेला फोटो बघता येतो, हललेला फोटो बघवत नाही. शटर बसलेल्या मोठ्या माणसासाठी निदान १/१२५ आणि मुलांसाठी १/२५० राहतंय ना, एवढं पाहा. लेन्समधली हात स्थिर करणारी सोय तुमचा हात सावरते, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही.

शिकायला मात्र घर नको, बाहेर पडा. इल्फर्डकरांना व्हॅलेंटाइन्स पार्क आहे, आणि या कामासाठी याहून चांगली जागा मला पूर्व लंडनमध्ये माहीत नाही. जुनी हवेली सतराव्या शतकाच्या शेवटची, पार्क १८९९ पासून लोकांसाठी खुलं. पण आपल्याला त्याचं मोल आहे ते तिथल्या अंतरांसाठी. लांबट तळं आहे, झाडांच्या रांगा आहेत, गुलाबाची बाग आहे, क्रिकेटचं मैदान आहे. कुठेही उभे राहा, माणसामागे तीस-चाळीस मीटर मोकळं मिळतं. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी होतात आणि फांद्यांमधून येणारा उजेड असंख्य चकत्या होऊन पसरतो. फक्त वेळ सांभाळा. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी तिरपा उजेड असतो. उन्हाळ्यात जेवण लवकर आटोपून संध्याकाळी आठ वाजता मुलांना तिथे न्या. तसा उजेड कोणत्याही पैशांत विकत मिळणार नाही.

पार्कात जाताना कपाटातली ती दुसरी लेन्स काढा. अनेकांच्या कॅमेऱ्यासोबत जोडीने ५५-२०० किंवा ५५-२५० आलेली असते. ‘लांबचे पक्षी काढायची’ म्हणून तिला ठेवून दिलेलं असतं. तिचा हिशोब करा. २०० भागिले ५.६ म्हणजे ३६ मिलिमीटर. २५० वर ४५. ज्या एफ १.८ च्या लेन्ससाठी लोक पैसे साठवतात, तिच्या २८ पेक्षा हे भोक मोठं आहे, आणि ते तुमच्या घरात धूळ खात पडलं आहे. अट एवढीच की जागा हवी. ५० ने दीड मीटरवरून जेवढा चेहरा येतो, तेवढाच २०० ने आणायला सहा मीटरवर जावं लागतं. म्हणून मागची झाडं माणसाच्या जवळच असतील, तर ५० ची लेन्स सरस ठरते. झाडं पंधरा मीटरच्या पलीकडे गेली की लांब झूम तिच्यापुढे जाते. शिवाय लांब झूम मागचा फार थोडा भाग चौकटीत घेते, त्यामुळे कचऱ्याची पेटी, पाटी, सायकलवाला यांना टाळणं सोपं जातं. शटर मात्र १/४०० च्या खाली येऊ देऊ नका.

एवढं सगळं करून पाहिल्यावरही एफ १.८ ची लेन्स घ्यावीशी वाटेल, आणि ती घ्यायला माझी हरकत नाही. छोट्या घरात, संध्याकाळच्या उजेडात ती खरोखर उपयोगी पडते, आणि बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्समध्ये तिची गणना होते. पण घेताना काय होऊ शकतं, ते माझ्या अनुभवातून ऐका. मी लंडनमधल्या वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात गेले, माझ्या बॉडीचा मॉडेल नंबर सांगितला आणि ५० एफ १.८ मागितली. विक्रेत्याने लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर बसवून दाखवली, एक फोटोही काढला. घरी आल्यावर कळलं की ती आपोआप फोकस करतच नाही. परत नेल्यावर उत्तर मिळालं, ‘बसते ना? हाताने फोकस करा.’

हाताने फोकस करणं सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरवर फार अवघड आहे, कारण त्याचा व्ह्यूफाइंडर लहान असतो आणि एफ १.८ ची खरी उथळ खोली तो दाखवतच नाही. डोळ्याला सगळं स्पष्ट दिसतं आणि फोटोत पापण्यांऐवजी कान स्पष्ट येतो. मूळ गोष्ट अशी की निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालतात, म्हणून त्या इथे बसतात, फोटोही काढतात, पण फोकस करत नाहीत. या बॉडींना ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स हवी, तिची मोटर तिच्यातच असते. कॅननच्या ईएफ लेन्सना ही अडचण येत नाही, पण तुमची बॉडी आर मालिकेतली मिररलेस असेल तर ईएफ लेन्ससाठी मध्ये अॅडॅप्टर लागतो. सोनीतही ए माउंट आणि ई माउंट वेगळे. म्हणून दुकानात ‘बसेल का?’ असं विचारू नका. ‘माझ्या या मॉडेलवर आपोआप फोकस होईल का?’ असं विचारा, उत्तर पावतीवर लिहून घ्या आणि तिथेच जवळच्या-दूरच्या वस्तूंवर बटण अर्धं दाबून पाहा.

इथे राहणाऱ्यांच्या बाजूने कायदा आहे, तो वापरा. २०१५ च्या कंझ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे वस्तू सांगितल्याप्रमाणे आणि सांगितलेल्या कामाला योग्य असली पाहिजे. तसं नसेल तर ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. वापरलेली वस्तू दुकानदाराकडून घेतली असली तरी हा हक्क राहतो; विकण्याआधी त्याने जो दोष दाखवून दिला असेल, त्याबद्दल मात्र तक्रार करता येत नाही. ऑनलाइन घेतली असेल तर वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगताही रद्द करता येते. एखाद्या खासगी माणसाकडून घेतलीत तर हे संरक्षण बरंच कमी होतं. मी मॉडेल नंबर सांगूनच लेन्स घेतली होती. ते लेखी कळवल्यावर दुकानाने ती बदलून दिली. तोंडी वाद घालत बसले असते तर मिळाली नसती, असं मला वाटतं. आपली माणसं परक्या देशात दुकानदाराशी बोलायला कचरतात आणि नुकसान सोसून गप्प बसतात. ते करू नका.

आता बारशाचं. माझ्या पुतणीच्या मुलीचं बारसं इल्फर्डमध्येच एका हॉलमध्ये झालं. बाळाची पणजी कराडहून आली होती. एवढा प्रवास त्या पुन्हा करतील अशी आशा कुणालाच नव्हती, म्हणून फोटोंसाठी पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला. फोटो हाती आले तेव्हा बाळाची एकेक पापणी मोजता येत होती, आणि बाळाला मांडीवर घेतलेल्या पणजीचा चेहरा मात्र धुक्यात. पाळण्याच्या दोऱ्या धूसर, कुंची धूसर, ओटी भरणारे हात धूसर. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये सहसा एफचा आकडा लिहिलेला असतो, तो मी उघडून पाहिला. पाळण्यापासून जेवणाच्या पंक्तीपर्यंत सगळे फोटो एफ १.८ वर. पणजीचा चेहरा स्पष्ट असलेला एकही फोटो त्या संचात नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्यात झालं काय, ते आकड्यांत बघा. ५० मिलिमीटर, एफ १.८, सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर: एक मीटरवरून काढलं तर स्पष्ट पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा असतो, दीड मीटरवरून साडेसहा, दोन मीटरवरून अकरा. मांडीवरच्या बाळाचा चेहरा आणि पणजीचा चेहरा यांत पुढे-मागे पंचवीस-तीस सेंटिमीटरचं अंतर सहज असतं. दोघी त्या पट्ट्यात मावणं शक्यच नव्हतं. तिथे एफ ५.६ ठेवला असता तर दोन मीटरवरून पट्टा पस्तीस सेंटिमीटरचा झाला असता. आणि मागचं धूसर झालं नसतं का? झालं असतं. हॉलची भिंत पणजीच्या मागे सहा मीटरवर होती. ५० भागिले ५.६ म्हणजे ९ मिलिमीटर, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे पावणेसात. भिंतीला टेकून बसवलेल्या माणसाला एफ १.८ जे देतं, त्याहून हे जास्तच आहे. अंतर आधीच मिळालेलं होतं, भोक इतकं उघडायची गरजच नव्हती.

म्हणून दोन माणसं असतील तर एफ ४ च्या आत जाऊ नका, आणि दोघांचे चेहरे एका पातळीत आणा. ‘आजी, जरा बाळाच्या गालाला गाल लावा’ म्हटलं की पातळीही जुळते आणि आजीही हसते. तीन-चार माणसं असतील तर एफ ५.६, दोन रांगा असतील तर एफ ८. एकटा चेहरा असेल तेव्हाच भोक पूर्ण उघडा, आणि तेव्हा फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. बिंदू मधला ठेवून बटण अर्धं दाबायचं आणि मग कॅमेरा बाजूला वळवायचा, ही सवय एफ १.८ वर चालत नाही. वळताना ते तीन-चार सेंटिमीटर निसटतात. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर तो मोठा करून डोळा बघा. लहान पडद्यावर प्रत्येक फोटो स्पष्टच दिसतो.

खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर बहुतेकदा सहा मिलिमीटर रुंदीचा असतो, लेन्सही त्या मापाची, त्यामुळे झूम न केलेल्या अवस्थेत भोक दीड मिलिमीटरच्या आसपास. तिथे आशा ठेवू नका. झूम टोकाला नेऊन, माणसाला मोकळ्या मैदानात उभं करून थोडंफार साधतं. फूल, मोदक, पणती अशा लहान वस्तूंच्या अगदी जवळ गेलात तर छान साधतं. फोनचा पोर्ट्रेट मोड सगळं सॉफ्टवेअरने ठरवतो, कडा अंदाजाने कापतो. नथीचे मोती, गजऱ्याची टोकं, चष्म्याची काडी तो अनेकदा पार्श्वभूमीत ढकलतो. नथ हरवलेला नऊवारीतला फोटो मी ठेवत नाही.

आपण ज्या गावात राहतो, त्या गावाचं नाव जगभर फिल्मच्या डब्यांवर छापलेलं आहे, हे इथल्या अनेक मुलांना माहीत नसतं. अॅल्फ्रेड हार्मन यांनी १८७९ साली इथे काचेच्या कोरड्या प्लेटा बनवायला सुरुवात केली. त्या कारखान्याचीच पुढे इल्फर्ड लिमिटेड कंपनी झाली. १९७६ मध्ये गावातला कारखाना बंद झाला. इल्फर्ड नावाची कृष्णधवल फिल्म आजही बनते, पण ती चेशरमधल्या मॉबर्ली इथे. हे सांगण्याचं कारण असं की छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या भोकाची लेन्स मुख्यतः धूसरपणासाठी घेतली जात नव्हती. १८४० साली पेट्झव्हाल यांनी एफ ३.६ ची पोर्ट्रेट लेन्स आखली ती उजेडासाठी, कारण माणसाला मिनिटंच्या मिनिटं न हलता बसावं लागत असे. मागचं पुसट होणं त्यासोबत आपसूक आलं. प्लेटा वेगवान झाल्या तशी लोकांना भोक लहान ठेवून घर, अंगण, दुकानाची पाटी, सगळं स्पष्ट घेण्याची मुभा मिळाली.

ती मुभा आपण वापरावी, असं मला मनापासून वाटतं. सांगलीला, नाशिकला बसलेल्या आईवडिलांना मुलांचे चेहरे व्हिडिओ कॉलवर रोज दिसतात. त्यांना बघायची असते ती जागा. मुलं कुठल्या दारातून शाळेला जातात, क्रॅनब्रूक रोडवर दुकानं कशी आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं. आणि वीस वर्षांनी हीच मुलं तेच शोधतील. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन फोटो काढा, एक मागचं विरघळवून, एक एफ ८ वर सगळं राखून. दिव्यांचं मात्र खुशाल विरघळवा. दिवाळीत अंगणातल्या कुंपणावर दिव्यांची माळ सोडा, मुलीला तिच्यापासून चार-पाच मीटर पुढे उभं करा, तिच्या हातात पणती द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. आयएसओ १६०० वर ५५ च्या टोकालाही त्या दिव्यांच्या सुंदर चकत्या होतात.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांना एक सूचना. इथल्या ढगाळ उजेडात एफ १.८ कुठेही चालतं, गावच्या दुपारी नाही. भर उन्हात आयएसओ १०० वरसुद्धा त्याला १/८००० चं शटर लागतं आणि सुरुवातीच्या बहुतेक बॉडी १/४००० वर थांबतात, त्यामुळे चेहरे पांढरे फटक येतात. एफ २.८ ठेवा, नाहीतर आंब्याच्या सावलीत या.

आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढताना पहिला फोटो नेहमी एफ ५.६ वर घ्या, पडद्यावर मोठा करून त्यांचे डोळे स्पष्ट आलेत का ते पाहा, आणि मगच भोक उघडून हवा तितका धूसरपणा आणा. पैसे देऊन छायाचित्रकार बोलावणार असाल, तर हीच अट त्याला कार्यक्रमाच्या आधी सांगा, आणि पणजी-आजींचे फोटो हॉल सोडण्याआधी त्याच्या कॅमेऱ्यावर बघून घ्या.